डेकवर परतलेले, न परतलेले

९ फेब्रुवारी, वास्को

विमानवाहू नौकेच्या डेकवर ज्याने नोकरी केली, त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. विमान उडवून देणं हे अर्धंच काम. ते परत येऊन त्याचा हूक तारेत अडकेपर्यंत डेकवरच्या कुणाचा जीव थाऱ्यावर नसतो. ‘विक्रांत’वर आलिझे विमानं गेली की आम्ही हातातलं काम करत असायचो, पण कान आकाशाकडे लागलेले.

ब्रिटिश नौदलाच्या ८२५ स्क्वाड्रनचा इतिहास सध्या वाचतोय, तोही त्याच कानांनी. काय बुडवलं याचा हिशेब पुस्तकांत ठळक असतो. कोण परत आलं, कसं आलं, ते शोधावं लागतं.

ऑक्टोबर १९३४ मध्ये ‘ईगल’ या विमानवाहू नौकेवर ही स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे दोन वर्षांत तिच्याकडे फेअरी कंपनीची स्वोर्डफिश आली. एकावर एक दोन पंख, सांगाड्यावर ताणलेलं कापड, उघड्यावर एकामागे एक बसलेले तिघे: पायलट, ऑब्झर्व्हर आणि सर्वांत मागे वायरलेस सांभाळणारा गनर. पोटाखाली सुमारे ७३० किलोचा टॉर्पेडो. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हाच हे विमान जुनं ठरलेलं. पण ते अगदी हळू उतरायचं, म्हणून हेलकावणाऱ्या ओल्या डेकवर त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नव्हतं. तोच संथपणा शत्रूच्या तोफांपुढे जीवघेणा.

१० फेब्रुवारी

२४ मे १९४१. त्या दिवशी पहाटे ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेने ब्रिटिशांचं ‘हूड’ बुडवलं होतं. ८२५ तेव्हा जिच्यावर होती ती विमानवाहू ‘व्हिक्टोरियस’ इतकी नवी की तिच्या हँगरमध्ये दुसरीकडे पोचवायच्या हरिकेन विमानांच्या पेट्या तशाच पडलेल्या. वैमानिकांतही बरेच नवखे. ८२५ चे प्रमुख लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड रात्री नऊ स्वोर्डफिश घेऊन निघाले. एक टॉर्पेडो लागला, तोही चिलखताच्या जाड पट्ट्यावर. ‘बिस्मार्क’वर एक माणूस मेला, जहाज पुढे चालत राहिलं.

खरी परीक्षा परतताना होती. काळोख, पावसाच्या सरी, खाली काळं अटलांटिक. आणि विमानांना वाट दाखवणारा जहाजावरचा बीकन बंद पडलेला. ‘व्हिक्टोरियस’चे कॅप्टन बोव्हेल यांनी दिवे लावायला लावले. जर्मन पाणबुड्यांच्या टापूत रात्री दिवा लावायचा म्हणजे माणसांनी भरलेलं अख्खं जहाज पणाला लावायचं. नऊच्या नऊ स्वोर्डफिश उतरल्या. मागोमाग पाठवलेली दोन फुलमार लढाऊ विमानं मात्र परत आली नाहीत.

त्या एका टॉर्पेडोपेक्षा मला हे दिवे मोठे वाटतात. वरच्या सत्तावीस माणसांसाठी घेतलेला तो निर्णय होता.

१२ फेब्रुवारी

आजची तारीख. वर्ष १९४२.

८२५ पुढे ‘आर्क रॉयल’वर गेली होती; नोव्हेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरजवळ ती नौका बुडाली आणि ८२५ चं घरच गेलं. जानेवारीत ली-ऑन-सोलंटच्या तळावर एस्मंडनी स्क्वाड्रन पुन्हा बांधायला घेतली. हाताशी विमानं सहा, माणसं अठरा. ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझेनाउ’ आणि ‘प्रिन्झ ऑयगेन’ ही जर्मन जहाजं फ्रान्समधल्या ब्रेस्टहून इंग्लिश खाडीतून मायदेशी पळ काढणार, असा अंदाज होता. डोव्हरची सामुद्रधुनी ती रात्रीच ओलांडतील, असं सगळे धरून चालले होते. म्हणून ही सहा विमानं केंटमधल्या मॅन्स्टनला आणून ठेवली. अंधारात स्वोर्डफिशला निदान संधी होती.

जहाजं ब्रेस्टहून रात्री निघाली आणि डोव्हरसमोर भर दुपारी आली. वर जर्मन लढाऊ विमानांचं दाट छत्र. एस्मंडना स्पिटफायरच्या पाच स्क्वाड्रन सोबतीला देऊ, असा शब्द मिळाला होता. वेळेवर पोचली ७२ स्क्वाड्रनची दहा विमानं. आणखी थांबलं तर जहाजं हातची जाणार होती. साडेबाराच्या सुमारास ते निघाले. आदल्याच दिवशी त्यांनी बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या हातून ‘बिस्मार्क’वरच्या हल्ल्यासाठीचं पदक घेतलं होतं.

सहाही विमानं पडली. एकही टॉर्पेडो लागला नाही. अठरांपैकी पाच जणांना छोट्या नौकांनी बर्फगार पाण्यातून उचललं. तेरा गेले. एस्मंड यांचा मृतदेह एप्रिलअखेर टेम्सच्या मुखाजवळ सापडला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या दिवसाचं शौर्य म्हणून कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण त्या कौतुकाखाली प्रश्न दडपला जातो. एकच योजना होती, ती रात्रीची. दिवस उजाडल्यावरही तीच माणसं, तीच विमानं पुढे केली गेली. मला याचा राग येतो. माणूस मरायला तयार आहे, म्हणून त्याला परत आणायची जबाबदारी वरच्यांवरून उतरत नाही.

१३ फेब्रुवारी

काल झोप लागली नाही. मागच्या सीटवरचा माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता.

एस्मंडच्या विमानातला गनर क्लिंटन. शेपटीकडच्या कापडाने पेट घेतला तेव्हा तो सीटमधून बाहेर सरकून, विमानाच्या पाठीवर बसून हातांनी आग विझवत होता, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. वाचलेल्या पाचांत चार अधिकारी आणि गनर डोनाल्ड बन्स. अधिकाऱ्यांना एक पदक, बन्सला त्याच्या हुद्द्याप्रमाणे वेगळं. मरणोत्तर द्यायला त्या काळी व्हिक्टोरिया क्रॉस किंवा खलित्यात नुसता नामोल्लेख, एवढंच असे. त्यामुळे बाकीच्या बारा मृतांच्या वाट्याला नामोल्लेख आला.

सहांपैकी मागून उडणाऱ्या तीन विमानांतल्या नऊंपैकी कुणीच वाचलं नाही. त्यांचं शेवटी काय झालं हे सांगायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही.

१७ फेब्रुवारी

बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात गेलो. तिथलं फायरफ्लाय मुद्दाम पाहिलं. आपल्या नौदलात त्याचं काम तोफांच्या सरावासाठी लक्ष्य ओढत नेण्याचं. १९५२ मध्ये ८२५ ने याच जातीची विमानं ‘ओशन’ या विमानवाहू नौकेवरून कोरियाच्या युद्धात वापरली. ‘ओशन’ आणि आमची ‘विक्रांत’ यांचं मूळ युद्धकाळातल्या एकाच आराखड्यात. त्यामुळे ‘ओशन’च्या डेकची लांबी-रुंदी मला फोटोशिवायही पावलांनी कळते. फायरफ्लायचं नाक लांब, चाकांमधलं अंतर बरंच. उतरवायला बरं असावं.

२१ फेब्रुवारी

फॉकलंडचं युद्ध. आपली ‘विराट’ तेव्हा ‘हर्मिस’ होती आणि ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती. मोडलेली ८२५ मे १९८२ मध्ये परत उभी केली ती सी किंग हेलिकॉप्टरांवर. पाणबुड्या शोधायचं सोनार काढून टाकलं आणि त्या जागी माणसं व सामान घेतलं.

८ जूनला फिट्झरॉयजवळ ‘सर गॅलाहॅड’वर बॉम्ब पडले. जहाजात वेल्श गार्ड्सचे जवान अडकलेले, दारूगोळा फुटत होता. सी किंग काळ्या धुरात शिरून डेकवरच्या माणसांना दोरीने वर घेत होती. रबरी तराफे वाऱ्याने जळत्या जहाजाकडेच ओढले जाऊ लागले, तेव्हा वैमानिकांनी हेलिकॉप्टर पाण्यालगत आणून पंख्याच्या वाऱ्याने तराफे दूर ढकलले. हे कुठल्या नियमपुस्तकात असणार? त्या क्षणी सुचलं आणि केलं. ‘सर गॅलाहॅड’वरचे ४८ जण गेले. ती हेलिकॉप्टरं नसती तर आकडा फार मोठा झाला असता.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्जवरची माणसं मुंबईसमोरच्या समुद्रात पडली, तेव्हा आपल्या नौदलाची सी किंगही शोधाला गेली होती. त्या लाटांवर हेलिकॉप्टर स्थिर धरणं म्हणजे काय, हे डेकवरच्या माणसाला ठाऊक असतं.

काम झालं आणि सप्टेंबर १९८२ मध्ये ८२५ पुन्हा मोडली. २०१४ पासून ती इंग्लंडमधल्या येव्हिल्टनला वाइल्डकॅट हेलिकॉप्टरं चालवते. पण माझ्या वहीत तिच्या नावापुढे आधी ८ जून १९८२ लिहिलं आहे, मग ‘व्हिक्टोरियस’चे दिवे, आणि त्यानंतर ‘बिस्मार्क’.