निवेदकाविना रेडिओ

मराठी भावगीताविषयी लिहिताना आपण कवी, संगीतकार आणि गायक या तिघांचा विचार करतो. या तिघांची नावे एका वाक्यात गुंफून श्रोत्याच्या हाती देणारा चौथा माणूस मात्र आपल्या लेखनात फारसा येत नाही. तो म्हणजे आकाशवाणीचा निवेदक. गाणे सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यावर तो शांतपणे सांगे, गीत यांचे, संगीत यांचे, स्वर यांचा. त्याच्या या कामाचे मोल मला फार उशिरा आणि एका अगदी क्षुल्लक यंत्राच्या निमित्ताने जाणवले.

आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला. पुढील पाच-सहा वर्षांत तो, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात त्याची स्वस्त, बिननावाची भावंडे, आपल्या खिशांत शिरली. शेकडो गाणी मुठीत मावू लागली; पण मोटारीतल्या रेडिओला या मुठीशी बोलता येत नव्हते. त्यावर दोन तोडगे निघाले. एक होता वायर जोडलेल्या कॅसेटचा. तिच्यात फीत नसे. फितीच्या जागी एक चुंबकीय शीर्ष असे आणि ते टेपच्या शीर्षाला फीत फिरत असल्याचा भास करून देई. दुसरा तोडगा अधिक धीट होता. सिगारेट पेटवण्याच्या खोबणीत बसणारा बोटभर एफएम ट्रान्समीटर गाण्याची लहर हवेत सोडी आणि हातभर अंतरावरचा रेडिओ ती पकडी. गाडीपुरते एक केंद्र, त्याचा प्रसारक आपण आणि श्रोतेही आपणच.

मुंबईत हे केंद्र चालवणे कष्टाचे होते. २००२ पासून तेथे खासगी एफएम वाहिन्यांची दाटी झाली होती. एफएमचा धर्म असा, की एकाच जागी दोन लहरी आल्या तर बलवान लहर दुर्बळ लहरीला पुरती झाकून टाकते. मीडियम वेव्हवर दोन आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतात; येथे तेवढीही तडजोड नाही. चेंबूरपर्यंत आपले गाणे वाजे आणि पुढच्या वळणावर कोणी निवेदक लॉटरी जिंकल्याच्या उत्साहात त्यावर कोसळे. माणगावहून पश्चिमेला वळून घोणशाचा घाट ओलांडला, की चित्र बदले. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते, डोंगर तिला अडवतात. म्हसळ्याच्या पुढे बोर्ली पंचतनपर्यंत रेडिओवर नुसती खरखर असे. त्या रिकाम्या आकाशात आमचा बोटभर ट्रान्समीटर निर्वेध राज्य करी. जेथे कोणीही बोलत नाही तेथे दुबळ्याचा आवाजही स्वच्छ उमटतो, एवढाच त्याचा अर्थ.

बोर्लीला माझी मावशी राहत असे. पंचक्रोशीतल्या प्राथमिक शाळांत तिची नोकरी झाली. तिच्या तरुणपणी हे आकाश रिकामे नव्हते. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून चालते आणि खाऱ्या पाण्यावरून तर फार दूर जाते. त्यामुळे मुंबई ‘ब’ केंद्र समुद्रावरून थेट तिच्या ओटीवर येई. ‘आपली आवड’ लागले की ती दोनशे पानी वही घेऊन बसे. वहीत तीन रकाने होते: कवी, संगीतकार, गायक. गाण्याचे शब्द ती लिहीत नसे, ते तिच्या ध्यानात राहत. नावे मात्र निवेदकाने एकदाच सांगितलेली असत, म्हणून ती टिपून ठेवायची. आरती प्रभू हे नाव तिला प्रथम या वहीत भेटले. ‘नक्षत्रांचे देणे’ तिने पुढे मागवून वाचले आणि ते खानोलकरांचेच टोपणनाव आहे हे त्यानंतर कळले. साहित्याचा अभ्यासक्रम तिच्यापर्यंत कधी पोहोचला नाही. त्याची अनुक्रमणिका निवेदकाने वाचून दाखवली.

२००८ च्या मे महिन्यात आम्ही तिला गाडीतून दिवेआगरला नेत होतो. रेडिओच्या काचेवर ८८.१ हा आकडा होता आणि गाणे आरती प्रभूंचे लागले होते. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, स्वर आशाबाईंचा. गाणे संपले आणि लगेच दुसरे सुरू झाले.

“अरे, नावं सांगितलीच नाहीत की,” मावशी म्हणाली.

“हा रेडिओ नाही, मावशी. माझ्याजवळची गाणी आहेत, नुसती रेडिओतून वाजतायत.”

“मग तुझ्याजवळ नावं असतील ना?”

मी प्लेअरकडे पाहिले. पडद्यावर ‘ट्रॅक ०७’ एवढेच होते. गाण्याच्या फाइलला नावे चिकटवण्याची सोय असते. पण हातोहात आलेल्या त्या फाइलींत ते रकाने कोणीही भरले नव्हते. मावशीने थोडे थांबून स्वतःच सांगितले, “कवी अनिल. संगीत यशवंत देव. वसंतराव देशपांडे गातायत.” पुढे दिवेआगर येईपर्यंत प्रत्येक गाण्यानंतर ती तेवढेच बोलली. दोन ठिकाणी तिला कवी आठवला नाही, तेव्हा ती अस्वस्थ झाली. आम्हाला त्याचे काही वाटले नाही. फरक त्या अस्वस्थतेचा होता.

निवेदकाचा काळ सुवर्णयुग होता असे मला म्हणायचे नाही. त्या काळी आवडीचे गाणे ऐकण्यासाठी पोस्टकार्ड टाकून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे आणि काय ऐकायचे हे दुसरा ठरवी. निवडीचे स्वातंत्र्य ही खरी कमाई आहे. पण त्या व्यवहारात काय सुटले, हेही नोंदवले पाहिजे. नाव उच्चारले नाही की गाणे ज्याच्या गळ्यातून आले त्याचेच होऊन जाते. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून प्रसारित होऊ लागले तेव्हा त्यातील छप्पन्न गीते अनेक गायक-गायिकांनी गायिली होती. आज ती बहुतेकांच्या कानांत एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात आहेत. तेथे निदान गदिमांचे नाव ग्रंथाच्या बळावर टिकले. ज्या कवीची दोनच गीते लोकप्रिय झाली, त्याला निवेदकाखेरीज कोण होते?

कायद्यालाही हे पुढे सुचले. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ‘३१ ड’ हे कलम आले. वैधानिक परवान्यावर ध्वनिमुद्रिका वाजवणाऱ्या प्रसारकाने रचनाकारांची आणि मुख्य कलावंतांची नावे प्रसारणासोबत जाहीर करावीत, असे त्यात म्हटले आहे. जुन्या निवेदकाचा शिष्टाचार असा कायद्याच्या भाषेत उतरला. मात्र हे कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतेच असून इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे आज जेथे सर्वाधिक गाणी ऐकली जातात, तेथे त्या कलमाचे बंधन नाही. फोनच्या पडद्यावर गायकाचे नाव ठळक असते. कवीचे असलेच तर आणखी एका खिडकीआड. बोटभर ट्रान्समीटरने रेडिओची जागा घेतली होती, त्याची जबाबदारी नव्हे. पुढची सारी साधने त्याचीच वंशज आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळले. मावशीच्या घराची कौले उडाली आणि कपाट दोन दिवस पावसात राहिले. मावशी त्याआधीच गेली होती. वहीतली शाईने लिहिलेली पाने निळ्या डागांत विरघळली. पेन्सिलीने लिहिलेली वाचता येतात. ती उतरवून काढताना माझ्या लक्षात आले, की त्यातील काही कवींची नावे मी, साहित्य शिकवणारा माणूस, प्रथमच वाचत होतो.

आपल्यापैकी अनेकजण वर्गात कवितेचे गायन ऐकवतात. फोनला स्पीकर जोडला की काम भागते, मुले रंगतात आणि तास संपतो. त्या वेळी कोणीतरी तीन नावे मोठ्याने उच्चारावीत, आणि ठाऊक नसतील तर तेही मोठ्याने सांगावे. यंत्र ते करणार नाही आणि कायदा आपल्या वर्गापर्यंत येणार नाही. विद्यार्थ्यांतला एखादा ते टिपून घेत असेल.