येरवड्याला जाऊन ये!

पुण्यात भांडण रंगात आलं की कोणीतरी कोणालातरी येरवड्याला पाठवतंच. आता येरवड्यात जेलही आहे, पण बोलणाऱ्याच्या मनात जेल नसतं हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. आम्ही विश्रांतवाडीकर तर या जोकला आयतेच सापडतो. "तुला काय, चालतच जाशील!" वगैरे वगैरे. गंमत म्हणजे ते खरंय. चौकातून आळंदी रोडनं येरवड्याकडे निघालं की फुलेनगरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा रूम पार्टनर. हुशार माणूस, पण लाईट बिल भरायला मोबाईल हातात घेतो आणि तासाभरानं त्याला पाणबुड्यांबद्दल सगळं माहीत झालेलं असतं. बिल तसंच! ऐकायला मजा वाटते, पण याच पायी डेडलाईन चुकून त्याच्या दोन नोकऱ्या गेल्या. दुसरी गेली तेव्हा कंपनीचा मेडिक्लेमही गेला, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी त्याला 'एडीएचडी' हा शब्द सांगितला.

पहिल्यांदा तो एका चकाचक क्लिनिकमध्ये गेला. तिथं डॉक्टर भेटायच्या आधी पॅकेज भेटलं. कॉम्प्युटरवरच्या टेस्ट, रिपोर्ट, समुपदेशन असं सगळं मिळून आमच्या फ्लॅटच्या महिन्याच्या भाड्याएवढं. तो तसाच परत आला आणि "बघू नंतर" म्हणाला. (त्याचं 'नंतर' म्हणजे काय ते मला चांगलंच माहितीये.)

तसा मेडिक्लेम असता तरी फार काही झालं नसतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण आपल्याकडचा मेडिक्लेम मुळात ॲडमिट होणाऱ्यासाठी. दर महिन्याची डॉक्टरची फी आणि गोळ्यांची पट्टी बहुतेक पॉलिसींत बसतच नाही. एडीएचडीत ॲडमिट कोण होतंय?

दुसरीकडे, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. येरवड्याचं मनोरुग्णालय याच खात्याचं. म्हणजे पगार नसलेल्या माणसाला परवडेल असा सायकियाट्रिस्ट आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि मध्ये अडचण फक्त नावाची. तीन दिवस घरात तेवढ्यावरच वाद चालला. "कोणी बघितलं तर?" "अरे, तुला इथं ओळखतं कोण?" "वॉचमन ओळखतो." शेवटी मी बरोबर गेलो.

ओपीडीत निम्मे लोक आमच्यासारखेच, स्वतःच्या पायांनी आलेले. रिक्षावाले काका, कॉलेजची मुलगी आणि तिची आई. लाईन मात्र मोठी. पुस्तक न्यायला हवं होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं नाही की स्कॅन सांगितला नाही. एडीएचडी दाखवणारी तशी तपासणीच नाहीये, निदान होतं ते बोलण्यातून. मोठ्या माणसाच्या बाबतीत एक प्रश्न फार महत्त्वाचा. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का? मग पार्टनरनं तिथूनच आईला फोन लावला. "आई, मी शाळेत कसा होतो गं?" पलीकडून पंधरा मिनिटं नॉनस्टॉप. एकदा शाळेतून दप्तर न घेता घरी आला होता म्हणे, आणि "हुशार आहे, पण लक्ष नाही" हा शेरा दरवर्षी प्रगतिपुस्तकात. आम्ही हसत होतो. तो नव्हता.

आता औषध. सिनेमात दिसणारं ॲडेरॉल भारतात विकलंच जात नाही. मिथाइलफेनिडेट मिळतं, पण ते शेड्यूल एक्समध्ये. दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं आणि त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपायची. त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे ते बहुतेक नसतंच. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टरला ते व्हिडिओ कॉलवर लिहूनही देता येत नाही. ज्याचा मूळ आजारच कागद हरवणं, त्याला दोन प्रती सांभाळायला सांगायचं! असो. गैरवापर होतो म्हणून नियम आहेत, ते पटतं, पण त्रास व्हायचा तो होतोच.

त्याला डॉक्टरांनी बीपी, नाडी बघून, घरात कोणाला हृदयाचा त्रास आहे का ते विचारून ॲटोमॉक्सेटिन सुरू केलं. हे शेड्यूल एक्समध्ये नाही, साध्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतं. कंपनी बदलली की किंमतही बदलते, म्हणून दुकानात जायच्या आधी डॉक्टरांनाच विचारलं की कुठल्याही कंपनीचं चालेल का. चालतं म्हणाले, फक्त औषध आणि मिलिग्रॅम तेच हवं. तोटा एकच, गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात नुसती मळमळ आणि भूक गायब. त्यानं दोनदा गोळ्या सोडायचं ठरवलं. तेव्हा टेलिमानसच्या १४४१६ वर फोन केला (फुकट आहे, मराठीत बोलतात). मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार, असं तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. मी तेच आदल्या दिवशी ओरडून सांगितलं होतं. :)

आता पाचवा आठवडा. पाणबुड्या चालूच आहेत, पण या महिन्याचं बिल वेळेत गेलंय आणि उद्या एक इंटरव्ह्यू आहे. आईला त्यानं दवाखान्याचं नाव अजून सांगितलेलं नाही. पुढची तारीख मंगळवारची. मोबाईलमध्ये तीन रिमाइंडर लावलेत आणि चौथा मी.