पगार आणि कन्नडचं उपकेंद्र

चि. सोनू,


आयसीयूतली नोकरी सोडून कन्नड तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जायचं तुझ्या मनात आहे, असं वहिनीने सांगितलं. घरात सगळे पगाराचंच बोलतायत म्हणे. मीही आधी तेच बोलते, कारण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीने पैशाचा विचार करायलाच हवा.

चाळीस हजार म्हणतात, त्यातले 25,000 ठरलेले. वरचे 15,000 पर्यंतचे कामावर आधारित. निर्देशांक भरले तरच. तू घरखर्च 25,000 वरच बसव. मुख्यालयी राहायचं तर तिथे खोली आली. शहरातून रोज ये-जा करायची तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे खरं, पण खुलताबाद, वेरूळ करत साठेक किलोमीटर, आणि कन्नडहून पुढे उपकेंद्राच्या गावापर्यंत जीप बघायची. पावसाळ्यात संध्याकाळी ते कठीण आहे. शिवाय नेमणूक कंत्राटी. दहा वर्षं झालेल्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय 14 मार्च 2024 ला निघाला, तरी 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच मागणीसाठी संप करावा लागला. तेव्हा कायम होण्याच्या भरवशावर जाऊ नकोस.

तरीही माझं मत, जा.

घाटी रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात मी अर्धं आयुष्य काढलं. जालना, बीड, परभणी, कन्नड, सिल्लोडहून माणसं यायची ती अर्धांगवायू झाल्यावर. बीपी शेवटचं कधी मोजलं, असं विचारलं की नातेवाईक एकमेकांकडे बघत. चाळिशीतला कमावता गडी, तोंड वाकडं झालेलं, आणि बायको विचारतेय, यंदा ऊसतोडीला जाता येईल का? गावातच कुणी हाताला पट्टा बांधून बीपी बघितलं असतं, दर महिन्याला गोळ्या दिल्या असत्या, तर यातले कितीतरी जण आमच्यापर्यंत आलेच नसते. उपकेंद्रावर तुझं काम हेच. तिशी ओलांडलेल्यांचं बीपी, शुगर, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. पाचेक हजार वस्ती, सोबत एएनएम आणि आशाताई. कुणाला घाटीला पाठवायचं आणि कधी, हे तिथे आधी तुलाच ठरवावं लागेल. तुझ्यात ती नजर आहे, मी बघितलीय.

आदेश हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस. अनुभवाचा दाखला मात्र आत्ताच मागून ठेव. गाव निवडताना तिथल्या एएनएमताईंना गाठ. पाणी, वीज, राहायची खोली, रात्रीची सोय, सगळं त्यांनाच विचार. दादाशी मी बोलते.

तुझी,
आत्या