पडीची वर्षं

सावळघाट ओलांडला की नाशिकचा पठारी मुलूख मागे पडतो आणि पेठचे उतार सुरू होतात. पाऊसही बदलतो. नाशिक शहरात तो वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. इथे त्याच्या दुपटी-तिपटीने.

जून लागला की सगळी धांदल. उन्हाळ्यात भाजलेल्या राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, नागलीचं बी पडतं आणि तीन-चार आठवड्यांत आवणीची वेळ येते. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, डाव्या हातात रोपांची जुडी आणि मातीत मुळं खोचत जाणारी उजव्या हाताची बोटं.

सह्याद्रीतल्या कारवीला अशी घाई नाही. दर पावसाळ्यात ती पालवते, उन्हाळ्यात नुसत्या काठ्या उरतात. सात-आठ वर्षांनी एकदाच अख्खा उतार जांभळा होतो. बी धरून झुडपं मरतात आणि त्यांच्या काठ्या शेणामातीने लिंपून घराचे कुड उभे राहतात.

उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीचा जुना हिशेबही असाच लांबचा होता. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षं पड. त्या वर्षांत गवत-झुडपं माजायची, पाला कुजायचा, जमिनीत कस परतायचा. पुढे घरं वाढली, वाटण्या झाल्या आणि पहिली कात्री लागली ती पडीला. पीक लगेच घटलं नाही, म्हणून हा बदल कुणाच्या नजरेत आला नाही. काळ्या कातळाची झीज होऊन बोटभर माती व्हायला शतकं लागतात. ती वाहून न्यायला एक धुवांधार रात्र पुरते.

कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी तिथल्या सूचिपर्णी जंगलांत संथ आणि वेगवान बदलांचं हेच गणित पाहिलं. पानं खाणारी अळी काही वर्षांतच शेकडो पटींनी वाढते, झाडांच्या पिढीला मात्र शंभरेक वर्षं लागतात. जंगल वयात येऊन दाट झालं, की पक्ष्यांना अळ्या आवरत नाहीत आणि उद्रेक होतो. एका वर्षात दिसणाऱ्या नासाडीची तयारी कित्येक दशकं चाललेली असते.

पेठच्या उताराला आडवा घातलेला दगडी बांध पहिल्याच पावसात गाळ अडवतो. बांधालगतचं आंब्याचं कलम फळाला यायला चार-पाच वर्षं घेतं. जमिनीचा कस परतायला त्याहून जास्त काळ लागतो आणि घराला तर भाकरी रोज हवी. सरकारी योजनांचा हिशेब मात्र मार्चअखेर मिटतो. जमीन पुन्हा पड ठेवायची, तर त्या वर्षांत कुटुंबाने काय खायचं, याची तरतूद त्या हिशेबात असायलाच हवी.