मखमलीची उलटी बाजू

फ्लॉरेन्स, मंगळवार

प्रिय ताई,

पैठणी घेताना तू आधी पदर उलटून बघतेस. इटलीची जुनी मखमलही तशीच पारखावी, असं माझं ठाम मत झालं आहे. एरवी पहिला मान नक्षीला मिळतो: मोठं डाळिंब, भोवती वळणदार पानं, की कापड पंधराव्या शतकातलं. पुराव्याला चित्रं असतात. इथं उफ्फिझी संग्रहालयात चित्रकार ब्राँझिनोनं सुमारे १५४५ मध्ये रंगवलेली, फ्लॉरेन्सच्या ड्यूकची पत्नी टोलेडोची एलिओनोरा आहे. तिच्या पांढऱ्या झग्यावरची काळ्या मखमलीची वेलबुट्टी आणि जरीचे बारीक फासे फार नेमके उतरले आहेत. साक्ष मोलाची आहे, पण ती एवढंच सांगते, की तेव्हा अशी नक्षी होती. ती कधी सुरू झाली, किती वर्षं चालली, हे चित्रावरून कळत नाही. एलिओनोरा १५६२ मध्ये वारली आणि तिला याच झग्यात पुरलं, असं बराच काळ मानत. थडग्यातल्या अवशेषांचा अभ्यास झाला तेव्हा तो झगा वेगळाच, साटिनचा निघाला. चित्रावर जास्त भार टाकला की असं होतं.

व्हेनिस, शुक्रवार

प्रिय ताई,

नक्षी बाजूला ठेवली तर धरायचं काय, असं तू विचारशील. विणीला धरावं. मखमलीत नेहमीच्या ताण्याबरोबर आणखी एक ताणा असतो. तो सळईवरून नेला की फासे उठतात. फासे कापले की लव तयार होते. लव एकाच उंचीची की दोन, फासे कापलेले की तसेच ठेवलेले, जर रेशमावर गुंडाळलेली की आणखी कशावर, काठाला कोणते रंग, हे सगळं विणकराच्या हाताचं आणि त्याच्या शहराच्या नियमांचं बोलतं. नक्षीची नक्कल दूरवर होई. तुर्कस्तानात बुर्सालाही इटलीसारखीच मखमल विणत, पण तिथल्या बाण्यात बहुधा सूत सापडतं. याच व्हेनिसमध्ये विसाव्या शतकात कलावंत मारिआनो फोर्तुनीनं जुन्या नक्ष्या मखमलीवर छापल्या. समोरून डोळा फसतो, पण त्या नक्षीसाठी वेगळा ताणा नाही की जरीचा फासा नाही.

रसायनशास्त्र असताना इतकी यातायात कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. १८५६ नंतरचा कृत्रिम रंग मूळ धाग्यात सापडला तर वाद मिटतोच. लाल रंगाचं मात्र तसं नाही. मेक्सिकोचा कोचिनील किडा सोळाव्या शतकात युरोपात आला, म्हणून त्यातलं कार्मिनिक आम्ल दिसलं की कापड त्यानंतरचं, असं म्हणावंसं वाटतं. पण आर्मेनिया आणि पोलंडच्या किड्यांतही तेच आम्ल असतं आणि त्यांचा रंग इथं आधीपासून वापरात होता. सोबतच्या बारीक घटकांचं प्रमाण पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही. म्हणून वीण, जर, काठ, रंग आणि शेवटी नक्षी, या क्रमानं साक्षी तपासाव्यात आणि त्या जिथं जुळतील तेवढाच काळ लिहावा. कधी त्यातून पन्नास वर्षांचा पट्टा निघेल. एका सालाचा हट्ट धरण्यापेक्षा तो पट्टा खरा, कारण हे कापड विणणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा उरलेलं नाही. त्याच्या हाताची जी खूण धाग्यात राहिली आहे, ती तरी नीट वाचली जावी.

तुझा,
धाकटा भाऊ