धडधाकट दिसतो, म्हणून काय झालं?

सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात मी समुपदेशक आहे. समोर बसलेला माणूस आधी दाराकडे बघतो, ओळखीचं कुणी नाही ना याची खात्री करतो आणि म्हणतो, "मॅडम, मला तसं काहीच होत नाही."

पंचाईत इथेच आहे. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत कुणाला ताप येतो, घसा धरतो, पुरळ उठतं. कुणाला तेवढंही होत नाही. व्हायरल म्हणून गोळ्या घेतल्या जातात, ताप उतरतो आणि पुढची आठ-दहा वर्षंही बिनतक्रार जाऊ शकतात. वजन उतरणं, महिनाभर न थांबणारे जुलाब, तोंडात पांढरा थर, नागीण, क्षय हे सगळं नंतरचं. शिवाय यातलं काहीही दुसऱ्या कारणानेही होतं. तोंड बघून एचआयव्ही ओळखणारे भेटतात अधूनमधून. त्यांचं मी मनावर घेत नाही.

ऊसतोडीला आलेली एक गरोदर बाई नेहमीच्या तपासणीत सापडली. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, मग आणखी दोन वेगळ्या किटवर तपासलं. तिन्हींचा निकाल एकच. "ताई, मी तर कुठं गेले न्हाई," एवढंच ती म्हणाली. नवऱ्याला बोलावलं. उसाची मोळी एका झटक्यात डोक्यावर घेणारा गडी. त्याचाही निकाल तोच. सासूने विचारलं, "हिचं ताट वेगळं काढू का?"

नको, म्हटलं. ताटातून, पाण्यातून, डासामुळे, संडासातून, मिठी मारल्याने हा विषाणू जात नाही. तो जातो निरोधाशिवायच्या संबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्याने आणि आईकडून बाळाला. उपचार नसतील तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर घेतले तर पाचापेक्षा कमी.

तिच्या एआरटीच्या, म्हणजे विषाणूला आवर घालणाऱ्या, गोळ्या लगेच सुरू झाल्या, जन्मल्यावर बाळाला नेविरापिनचं औषध. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब काढून कागदावर सुकवले आणि प्रयोगशाळेत पाठवले. निगेटिव्ह. दूध सुटल्यावर, अठराव्या महिन्यातही निगेटिव्ह. नवराबायको दोघं अजून गोळ्या घेतात आणि हंगामाला जाताना पुढच्या महिन्यांच्या मागून नेतात. गोळ्या न चुकवता विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

शंका असेल तर लक्षणांची वाट बघू नका. धोका नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठा, लागण टाळण्याची औषधं मिळतात. लागण चाचणीत दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून पहिली निगेटिव्ह आली तरी पुन्हा तपासा. सरकारी केंद्रात चाचणी आणि गोळ्या मोफत आहेत, आणि २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त राखणं आम्हाला बंधनकारक आहे. यायला संकोच वाटत असेल तर आधी १०९७ वर फोन करा.