ओटी आणि माजघर

आपल्याकडील जुन्या घराची मांडणी ज्या कोणीं प्रथम योजिली, त्यास मनुष्यस्वभावाचें चांगलेंच ज्ञान असलें पाहिजे. आधीं अंगण, मग पडवी, मग ओटी, तिच्या आंत माजघर, आणि त्याहून आंत देवघर व स्वयंपाकघर. टपालवाला अंगणांतूनच परत फिरे. हिशेबाचे व कामकाजाचे लोक ओटीवर बसत. सोयरे माजघरापर्यंत येत. ह्या मर्यादांच्या आड जातीपातीचा जो अन्याय दडला होता त्याची तरफदारी आम्हांस करावयाची नाहीं. तो जेथें उरला असेल तेथूनही गेला पाहिजे. परंतु त्या दारांमागें दुसरी एक समजूत होती, ती मात्र शहाणपणाची होती. माजघरांतील गोष्ट ओटीवरच्या मनुष्यापासून राखली जाई, ती तो मनुष्य वाईट म्हणून नव्हे. ती गोष्ट त्याची नव्हती, इतकेंच.

नांवांचाही प्रकार असाच असे. एक पाळण्यांतलें नांव, एक शाळेच्या पटावरचें, एक घरांत हांक मारण्याचें, आणि गांवानें प्रेमानें किंवा खोडीनें ठेविलेलें एखादें निराळेंच. एका मनुष्यास चार नांवें असलीं म्हणून त्यास कोणी लबाड म्हणत नसे.

हें सर्व आज आठवण्याचें कारण असें कीं, इंटरनेटवर आमचीं खातीं सांभाळणाऱ्या कंपन्यांनीं गेल्या पंधरा-वीस वर्षांत ह्या खोल्यांच्या मधल्या भिंती एकामागून एक पाडिल्या आहेत. आरंभीं पत्रांचें खातें एकीकडे, चित्रफितींचें दुसरीकडे, खरेदीचें तिसरीकडे, आणि प्रत्येकाचा परवलीचा शब्द निराळा, अशी स्थिति होती. ती त्रासाची होती हें कबूल केलें पाहिजे. मग कोणी सांगितलें, इतक्या किल्ल्या कशास हव्यात? ह्या एकाच खात्यानें सगळीकडे प्रवेश करा. बटण दाबलें कीं दार उघडतें. मात्र दार उघडतांना किल्ली देणाऱ्यास तुम्ही कोठें शिरलां तें कळतें, व घरवाल्यास तुमचें नांव, पत्ता आणि बहुधा छायाचित्रही मिळतें. त्यांतून मोबाइलचा क्रमांक म्हणजे तर सर्वांस ओवणारा दोराच होय. तो तुम्हीं कोणास दिला नाहीं तरी तुमच्या मित्रानें आपली नांवांची वही कोठें तरी चढविली कीं, तिच्याबरोबर तुम्हीही गेलांत.

ही जोडाजोडी किती सहज होते याचा एक नमुना पहा. २०१० च्या फेब्रुवारींत गूगलनें आपल्या टपालसेवेंत 'बझ' नांवाची एक नवी सोय घातली. ती घेणाऱ्या मनुष्याचा पत्रव्यवहार ज्यांच्याशीं अधिक, अशांची यादी तिनें आपण होऊन केली, आणि तो मनुष्य सावध नसेल तर ती चारचौघांस दिसूं लागली. आतां वकिलाचा पत्रव्यवहार अधिक कोणाशीं? अशिलांशीं. डॉक्टराचा? रोग्यांशीं. ओरड इतकी झाली कीं थोड्याच दिवसांत ती रीत बदलावी लागली. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें चौकशी केली, आणि २०११ मध्यें झालेल्या समेटांत त्या कंपनीच्या ह्या बाबतींतील कारभाराची पुढील वीस वर्षें त्रयस्थाकडून तपासणी व्हावी असें ठरलें. इतकें होऊनही १ मार्च २०१२ पासून तिनें आपलीं साठाहून अधिक निरनिराळीं गोपनीयतेचीं धोरणें मोडून बहुतेक सर्वांच्या जागीं एकच ठेविलें, व टपालांत, नकाशांत, शोधांत आणि चित्रफितींत जें जें कळेल तें एकत्र करण्याची मोकळीक घेतली.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. फेसबुकनें २०१४ मध्यें व्हॉट्सॲप विकत घेतलें, तेव्हां दोहोंकडील खातीं आपोआप खात्रीनें जुळवितां येणार नाहींत असें त्यानें युरोपियन कमिशनास सांगितलें होतें. २०१६ च्या ऑगस्टांत व्हॉट्सॲपचे नियम बदलले व क्रमांक जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. ही युक्ति २०१४ मध्येंही शक्य होती व कंपनीच्या माणसांस ती ठाऊक होती असें कमिशनास आढळलें, आणि २०१७ च्या मे महिन्यांत त्यानें ११ कोटी युरो दंड केला. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगानें व्हॉट्सॲपच्या २०२१ सालच्या धोरणाबद्दल २०२४ च्या नोव्हेंबरांत मेटा कंपनीस २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. तें प्रकरण पुढें अपिलांत गेलें. दंडाचे आंकडे ऐकून आमच्यासारख्या पगारदार मनुष्याचे डोळे फिरतात. त्या कंपन्यांचे फिरत असतील असें वाटत नाहीं.

पण हीं झालीं मोठ्यांचीं भांडणें. आमच्या घरीं काय झालें तें सांगतों.

गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या बहिणीस, जीस आम्ही आक्का म्हणतों, स्तनाचा कर्करोग असल्याचें निघालें. रोग वेळींच लक्षांत आला आहे, शस्त्रक्रियेनें गुण येईल, असें डॉक्टरांचें मत होतें. आक्कानें एकच अट घातली. शस्त्रक्रिया पार पडेपर्यंत आईस कळूं द्यावयाचें नाहीं; मग मी स्वतः येऊन तिला सांगेन. आईचें वय ब्यायशीं. आक्का नाशिकास असते, आई आमच्याकडे. रात्रीं आई निजली म्हणजे आम्ही कानांत बोंडें घालून मोबाइलवर त्या रोगाविषयींचीं तज्ज्ञांचीं भाषणें ऐकत असूं. पुढच्या खोलींत टीव्ही आहे, व दुपारीं आई त्यावर कीर्तनें ऐकते. तो टीव्ही बसविणाऱ्या मनुष्यानेंच आमचा क्रमांक विचारून, आमच्याच खात्यानें, सुरू करून दिला होता.

एके दुपारीं कीर्तन संपलें आणि त्याच्या खालीं ओळीनें चौकटी आल्या. शस्त्रक्रियेनंतर काय खावें. केस गळूं लागल्यास काय करावें. पहिल्या अवस्थेंतील रोगी किती वर्षें जगतात. आईस ऐकूं कमी येतें, पण वाचण्यास तिला अजून चष्मा पुरतो. सायंकाळीं आम्ही शाळेंतून परत आलों तों ती दाराशींच बसली होती.

"तुझ्या आक्काला काय झालंय?" तिनें विचारलें.

आक्कालाच कशावरून, असें आम्हीं म्हटलें.

"तुला काही झालं असतं तर तुला लपवता आलं नसतं. सूनबाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. आणि ती तीन आठवडे माझ्याशी दोन मिनिटांच्या वर बोलत नाही."

यावर उत्तर नव्हतें. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीं झाली, व आक्का आतां पुष्कळच हिंडूंफिरूं लागली आहे. परंतु जी गोष्ट तिनें आईजवळ बसून, तिचा हात हातांत घेऊन सांगावयाची योजिली होती, ती एका यंत्रानें दोन कीर्तनांच्या मधल्या पट्टीवर सांगून टाकिली. आक्कानें कोणासही बोल लाविला नाहीं. "सांगायचं मला होतं," एवढेंच ती एकदां म्हणाली.

त्या कंपनीचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. आम्हीं तिला सविस्तर लिहिलें. उत्तर आलें कीं, आपला अनुभव अधिक उपयुक्त व्हावा म्हणूनच आपल्या सर्व उपकरणांवर एकसारख्या सूचना दिल्या जातात, व त्या नको असल्यास खात्याच्या व्यवस्थेंत शिरून अमुक कळ बंद करावी. ती कळ आम्हीं शोधून काढिली. चार पडदे ओलांडल्यावर ती सांपडते. घराचें माजघर उघडें कां, असें विचारावें, आणि गवंड्यानें सांगावें कीं दार आहे, पण तें आम्हीं माळ्यावर ठेविलें आहे, त्यांतली ही गत.

आमचे एक स्नेही ह्या हकीकतीवर म्हणाले, "लपविण्यासारखें कांहीं नसेल त्यानें भ्यावें कशास?" हा प्रश्न आजकाल फार ऐकूं येतो, व विचारणारा तो मोठ्या प्रामाणिकपणें विचारतो. आक्काच्या दुखण्यांत लाजण्यासारखें काय होतें? कांहींच नव्हतें. तरी तें कोणास, केव्हां व कोणत्या शब्दांनीं कळावें हें ठरविण्याचा अधिकार तिचा होता. आमच्या वाङ्मयाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. राम गणेश गडकरी कविता लिहीत तेव्हां गोविंदाग्रज असत, व विनोद लिहीत तेव्हां बाळकराम. नारायण मुरलीधर गुप्ते यांस तर 'बी' हें एक अक्षर पुरलें. आणि विभावरी शिरूरकर! त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ मध्यें निघाला. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनांतील गोष्टी त्यांत इतक्या उघडपणें लिहिल्या होत्या कीं, ही विभावरी कोण, याची महाराष्ट्रभर चर्चा झाली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढें मालतीबाई बेडेकर झाल्या त्या. त्या नांवाचा पडदा नसता तर शिक्षणक्षेत्रांत काम करणाऱ्या एका तरुण स्त्रीस तें पुस्तक त्या काळीं छापवलें असतें काय? आज तीच लेखिका आपल्या नेहमींच्या मोबाइल क्रमांकावर विभावरी या नांवाचें खातें उघडती, तर 'यांस आपण ओळखत असाल' अशा चिठ्ठीसह तिचें नांव तिच्या शेजाऱ्यांच्या पडद्यावर जाण्यास फार वेळ लागला नसता. २०११ मध्यें गूगल प्लस निघालें तेव्हां टोपणनांवाचीं खातीं बंद करण्याचा सपाटाच त्यानें लाविला होता. २०१४ मध्यें तो दंडक मागें घेतला, व २०१९ च्या एप्रिलांत सामान्य लोकांपुरतें तें गूगल प्लसही संपलें. गोविंदाग्रज व बाळकराम हीं एकाच मनुष्याचीं नांवें आहेत हें रसिकांस कळलें तेंही मजेनें, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु तो निर्णय कोणा दुकानदाराचा नव्हता.

कायदा अगदींच निजला आहे असें म्हणतां येणार नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं, न्यायमूर्ति पुट्टस्वामी या वृद्ध गृहस्थांनीं आणिलेल्या खटल्यांत, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानें निर्णय दिला. पुढल्या वर्षींच्या सप्टेंबरांत बँकेचें खातें व मोबाइल हीं आधाराशीं जोडण्याची सक्ति नाहीं असेंही ठरलें, जरी प्राप्तिकराच्या पॅन क्रमांकाची जोडणी कायम राहिली. तथापि न्यायालय दिल्लींत असतें आणि खिडकीवरचा कारकून गल्लींत. तो अजूनही विचारतोच. २०२३ च्या नव्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची संमति हवी, व त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांस जाहिराती दाखवूं नयेत, असें सांगितलें आहे. ह्या कलमाचें आम्ही शिक्षक या नात्यानें स्वागत करितों. तें पूर्णपणें अमलांत येईल तेव्हां आमच्या वर्गांतील किती मुलांनीं आपलें जन्मवर्ष खोटें सांगून खातीं उघडलीं आहेत हेंही कोणी तरी मोजावें.

ह्या वर्षीं 'अपार' या नांवाच्या बारा आंकडी विद्यार्थिक्रमांकासाठीं पालकांचीं संमतिपत्रें गोळा करण्याचें काम आमच्याकडे आलें. मुलाचे गुण, प्रमाणपत्रें व बदल्या एका क्रमांकाखालीं राहाव्या अशी ती योजना आहे. तिचे फायदे आहेत, आणि संमति देणें न देणें पालकांच्या इच्छेवर आहे. एकामागून एक पालक येत, आम्ही बोट ठेवूं तेथें सही करीत आणि जात. एक गृहस्थ मात्र थांबले. रिक्षा चालवितात. "सर, हा नंबर पुढे कशाकशाला जोडणार?" त्यांनीं विचारलें. कागदावर होतें तितकें आम्हीं वाचून दाखविलें. त्यांनीं तो कागद घडी घालून खिशांत ठेविला, मुलासच घेऊन बसून वाचतों व उद्यां कळवितों असें सांगितलें, आणि मागच्या पालकास पुढें येण्यास वाट करून दिली.